डॉक्टरीणबाईंच्या गाडीचा कूलर

बुलढाण्याला बदली झाली आणि मी भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकिणीने दार उघडल्या उघडल्या माझी खालची पापणी बोटाने ओढून डोळा तपासला. मग म्हणाल्या, "जीभ दाखव." मी दाखवली. का दाखवली, ते अजूनही कळलेलं नाही.

"रक्त कमी हाय तुह्यात. गूळ-शेंगदाणे खात जाय. खोली वरती हाय, पाणी सकाळी येते. पटलं तं राह्य."

झाली मुलाखत! मी राहिले आणि पुढची बदली होईपर्यंत तिथून हलले नाही.

बाई माणसांच्या डॉक्टर नव्हत्या, जनावरांच्या होत्या. उभी नोकरी जिल्ह्यातल्या गुरांच्या दवाखान्यांत गेलेली. निवृत्त झाल्या होत्या, पण ते फक्त सरकारला माहीत होतं. म्हशींना नव्हतं, म्हशींच्या मालकांनाही नव्हतं. फोन यायचा, बाई पदर खोचायच्या आणि निघायच्या. घाटावरची गावं असोत की घाटाखालची, अख्खा जिल्हा त्यांना 'डॉक्टरीणबाई' म्हणायचा. मी नुसतं बाई म्हणायची. माझ्या पुण्याकडच्या बोलण्याला त्यांनी 'इस्त्रीची भाषा' असं नाव ठेवलं होतं. "लग्नाले घालाले बरी हाय पोरी, गोठ्यात नाई चालत." आणि स्वतः मात्र मोठ्यातल्या मोठ्या साहेबासमोरही अस्सल वऱ्हाडीच बोलायच्या. साहेब हसला तर त्याचीही पापणी ओढायला कमी करणार नाहीत, असा त्यांचा एकंदर आवेश असायचा.

त्यांचं एक वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. "ज्याले जीभ नाई, त्याले हातानं विचारा लागते." गायीच्या पोटावर हात ठेवून त्या असं काही थांबायच्या, की आपण बाजूला उभे असलो तरी श्वास रोखावा. डोळे मिटलेले, ओठ हलत असलेले. मग एकदम डोळे उघडायच्या आणि निकाल सांगायच्या. गंमत म्हणजे हाच हात त्या गाडीवरही ठेवायच्या. सकाळी बुद्धवंदना झाली की पहिलं काम बोनेट उघडायचं. एक जुना स्टेथोस्कोप गाडीतच असायचा. तो त्या इंजिनला लावायच्या, गिअरबॉक्सला लावायच्या, आणि रस्त्याने जाणारे लोक थांबून बघायचे. नवखा माणूस हसायचा. जुने लोक विचारायचे, "काय म्हन्ते पेशंट?"

गाडीचं सांगायला हवं. संग्रामपूरला नोकरीत असताना एका बैलाने त्यांच्या डाव्या पायावर पाय दिला होता. त्या पायाची बोटं नंतर वाकेनात. क्लच दाबणं संपलं. "बैलाची चूक नव्हती," त्या सांगायच्या, "मीच त्याच्या पायाखाली माहा पाय ठेवला. आता डावा पाय रिटायर, उजवा ड्युटीवर." म्हणून त्यांनी जुन्या बाजारातून एक भलीमोठी ऑटोमॅटिक गाडी आणली. तिला क्लच नाही, गिअर तिचे तीच बदलते. आणि त्या गाडीमागे जोडायला एक ट्रेलर बनवून घेतला, अगदी जमिनीलगत, मागे उतरती फळी असलेला. आजारी जनावराला उंच टेम्पोत चढवताना चार माणसं ओढतात, दोन ढकलतात आणि जनावर अर्धमेलं होतं, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. या ट्रेलरमध्ये गाय स्वतःच्या पायाने चढायची. तो कायदेशीर पास व्हावा म्हणून बाईंनी आरटीओच्या इतक्या चकरा मारल्या, की तिथले कारकून त्यांना पाहिलं की आपापल्या घरच्या गायीम्हशींची दुखणी सांगायला लागले होते.

मलाही त्यांनी याच गाडीवर चालवायला शिकवलं, पण हॉर्न न वाजवता; तो त्यांनी स्वतःही कधी वाजवला नाही. "जनावर दचकते," म्हणायच्या. वाट हवी असली की काच खाली करून गुरं हाकतात तसा आवाज काढायच्या, "हाऽऽ हुर्र! सरक माय, सरक!" आणि काय सांगू, एसटीचे ड्रायव्हरसुद्धा सरकायचे!

या सगळ्यात एकच अडचण होती. राजूर घाट.

घाटाखाली मोताळा, रोहिणखेड, तो सगळा तापलेला मुलूख. जनावरांचा मोठा दवाखाना वर, बुलढाण्यात. म्हणजे दुखणाईत जनावर नेहमी खालून वर आणायचं. एकदा मोताळ्याहून एक गाय आणताना मी सोबत होते. अर्धा घाट चढला असेल, आणि समोर डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. गाडी थरथरली. गिअर बदलला की नाही, कळेना. इंजिन बोंबलतंय आणि चाकं मात्र सुस्त. बाईंनी गाडी वळणावर कडेला घेतली, खाली उतरून गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी काढली आणि नाकाला लावली.

"हुंग," म्हणाल्या.

मी हुंगलं. जळालेल्या पापडासारखा वास! लाल असायला हवं होतं ते तेल तपकिरी पडलं होतं.

"ताप हाय," बाई म्हणाल्या. अगदी हलक्या आवाजात, माणसाच्या उशाशी बसून बोलावं तसं.

गाय घेऊन आम्ही वळणावर बसून राहिलो. गाडी निवली, तेव्हा कुठे रांगत वर आलो. नंतर एका मोठ्या शहरातल्या वर्कशॉपला त्यांनी फोन केला. तिकडून सल्ला मिळाला की ट्रेलर जोडू नका. बाई भडकल्या. "ताप आलेल्या जनावराले कामाले जुंपू नोका, हे मलेबी समजते. पन ताप काऊन येऊन राह्यला, ते सांगा ना!"

ते त्यांनीच शोधलं. आठवडाभर मोबाइलवर चष्मा चढवून व्हिडिओ बघत होत्या, जेवताना, केस विंचरताना, माझ्याशी बोलताना. मग एका सकाळी धाडधाड जिना चढून वर आल्या. त्या पायाने! मी घाबरून दार उघडलं.

"पोरी, म्हैस डबक्यात काऊन बसते?"

"गरम होतं म्हणून?"

"बरोबर! तिले घाम बेताचा येते. अंगातली आग बाहेर काढाले तिले डबकं लागते. आपल्या गाडीले डबकं नाई!"

मग त्यांनी माझ्या पोळपाटावर पीठ पसरून बोटाने चित्र काढून समजावलं. क्लचचं काम या गाडीत तेल करतं. घाटात, ओझं घेऊन, हळू चढताना ते तेल घुसळून घुसळून तापतं. ते थंड करायला गाडीच्या रेडिएटरमध्ये एक छोटीशी सोय असते. "पन रेडिएटरच खुद्द तापलेला! तापलेल्या मानसाच्या कपाळावर दुसऱ्या तापलेल्या मानसाचा हात! काय उतरीन ताप?" म्हणून एक वेगळी जाळी लावायची, गाडीच्या अगदी तोंडाशी, जिथे समोरची हवा थेट लागते. तेल रेडिएटरमधून निघालं की या जाळीतून फिरून मगच गिअरबॉक्समध्ये परत. बास! एवढंच!

त्यांचे डोळे असे चमकत होते, की मला पोळ्या करायच्या होत्या हे मी विसरूनच गेले.

आता रफिकभाई. बसस्टँडमागे त्यांचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान. बाईंनी त्यांच्या बकऱ्या वाचवलेल्या होत्या, त्यामुळे ते त्यांना नाही म्हणू शकत नव्हते. पण भांडू शकत होते, आणि भांडायचे. दोघांनाही स्वतःचं खरं करायची दांडगी हौस. बाई पहिल्यांदा तिथे गेल्या त्या माझ्या खोलीतल्या बंद पडलेल्या फ्रिजच्या पाठीची काळी जाळी उपसून घेऊन. मला विचारलंही नव्हतं!

"बाई, इसकी नली देखो, सुई जैसी," रफिकभाई म्हणाले. "तेल अडकेल. ताप राहिला बाजूला, पेशंटच जाएगा."

बाईंनी नळी डोळ्याला लावून पाहिली. "हाव, बारीक हाय," त्यांनी मान्य केलं. हरल्या की त्या लगेच मान्य करायच्या, हा त्यांचा मोठा गुण. आणि दुसऱ्याच क्षणाला नव्या भांडणाला तयार, हा त्याहून मोठा.

शेवटी जाळी ऑनलाइन मागवली. ती येईपर्यंत बाईंनी सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं, "माहा कूलर येऊन राह्यला." एप्रिल सरत आलेला, विदर्भातला उन्हाळा! गल्लीला वाटलं, बाई अखेर घरात कूलर बसवणार. कारण बाईंच्या स्वतःच्या खोलीत कूलर नव्हता, जुना पंखा तेवढा कुरकुरत असायचा. कुरिअरवाला आला तेव्हा शेजारच्या चार बायका बघायला जमल्या. खोक्यातून निघाली वहीएवढी चपटी ॲल्युमिनियमची जाळी.

"अवो बाई, एवढ्याशा कूलरनं हवा कशी लागीन?"

"मले नाई, गाडीले!"

त्या बायकांच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते आठवून मला आजही एकटीला हसू फुटतं. मानसाले कूलर नाई अन् गाडीले कूलर! ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली.

जाळी बसवायचा दिवस म्हणजे सणच होता. मी ऑफिसातून सुटी काढली. खरंच काढली! तोंडाशी एसीची एक जाळी आधीच असते, तिच्या पुढे ही लावायची. रफिकभाई प्लास्टिकच्या पट्ट्या घेऊन आले. एसीच्या जाळीतून त्या आरपार ओवायच्या आणि नवी जाळी बांधून टाकायची, पाच मिनिटांचं काम, असं त्यांचं म्हणणं.

"हात लावाल तं पाहा!" बाई मध्ये आडव्या. "गाडी हालन, पट्टी घासन, जाळीले भोक पडन. वासराच्या नाकात वेसण घालाची घाई झाली काय तुमाले?"

लोखंडी पट्टीचे दोन कंस करून आणले, ते गाडीच्या सांगाड्याला बोल्टने कसले आणि जाळी त्यांच्यावर बसवली. मधे हवा खेळायला फट ठेवली. मग प्रश्न आला, दोन नळ्यांपैकी तेल परत जायची नळी कोणती? रफिकभाई म्हणाले खालची. बाई म्हणाल्या वरची. वाद इतका रंगला की चहा आला आणि निवला. शेवटी वरची नळी सोडून रेडिएटरच्या तोंडाखाली बादली धरायची आणि मी क्षणभर इंजिन सुरू करायचं; तेल तिथून आलं तर परतीची नळी तीच, असं ठरलं. मी किल्ली फिरवली. लाल तेलाची धार सुटली, ती बादली चुकवून सरळ रफिकभाईंच्या पांढऱ्या कुर्त्यावर!

"बंद कर, बंद कर!" ते ओरडले.

आणि बाई? टाळ्या वाजवत होत्या! "पान्हा फुटला! वरचीच नळी! मी काय म्हटलं होतं?"

पण तो विजय काही टिकला नाही. काही दिवसांनी अंगणात लाल थारोळं दिसलं. जोडलेली नळी फुगून मऊ पडली होती. रफिकभाईंनी रेडिएटरच्या पाण्याची साधी रबरी नळी वापरली होती, आणि बाईंनी ती हातात घेऊन, दाबून, 'चालते' म्हटलं होतं. गरम तेलाने ती खाऊन टाकली. मला वाटलं, आता महायुद्ध होणार. झालं उलटंच. दोघं त्या थारोळ्याभोवती उकिडवी बसली, मयताला आल्यासारखी.

"गलती मेरी है बाई."

"मीबी पास केली ना ते नळी. चाला, आता तेलाची नळी आनू."

तेलासाठीच बनवलेली जाड नळी अकोल्याहून मागवली. प्रत्येक जोडाला दोन-दोन क्लॅम्प आवळले. तेल भरलं, इंजिन चालू ठेवून, गरम होऊ देऊन तेलाच्या पट्टीवर पातळी पाहिली, पुन्हा थोडं भरलं. आणि डॅशबोर्डवर तेलाचं तापमान दाखवणारा एक गोल काटा बसवला, कारण बाईंचा हात घाटात एकाच वेळी स्टिअरिंगवर आणि गिअरबॉक्सवर ठेवता येत नव्हता. काटा वाचून मोठ्याने सांगायचं काम माझं.

मग चाचणी! ट्रेलरमध्ये पाण्याने भरलेले ड्रम, मागच्या सीटवर रफिकभाई, भर दुपार, राजूर घाट. पहिलं वळण, काटा सरकला. दुसरं वळण, अजून थोडा. जिथे गाय घेऊन अडकलो होतो ते वळण आलं आणि मी श्वास रोखून बघत राहिले. काटा लाल पट्ट्याच्या बराच अलीकडे गेला आणि तिथेच थांबला! "थांबला! बाई, थांबला!" मी ओरडले. रफिकभाई मागून "माशाल्ला, माशाल्ला" करत होते. बाईंनी वर पोहोचल्यावर गाडी उभी केली, पट्टी काढून हुंगली आणि माझ्या नाकाशी धरली. कसलाही वास नाही. मला पुढे स्वतःच्या लग्नातसुद्धा इतका आनंद झाला नाही, हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही.

आता ज्या दिवसासाठी हे सगळं लिहायला बसले, तो दिवस.

मे महिना होता, सुटीचा वार. रोहिणखेडजवळच्या एका गावाहून गोदाकाकूंचा फोन आला. गोदाकाकू म्हणजे वांगी, मेथी, कोथिंबीर पिकवून बाजारात विकणाऱ्या एक विधवा बाई. त्यांची पहिलारू म्हैस सकाळपासून वेणा देत होती आणि काहीच पुढे सरकत नव्हतं. आम्ही गेलो. बाईंनी हात घातला, डोळे मिटले. उघडले तेव्हा चेहरा उतरला होता.

"पिशवीले पीळ पडला हाय," म्हणाल्या. "वासरू जिवंत हाय. हालते."

गर्भाशयाला पीळ पडला की म्हशीला आडवी पाडून, पोटावर फळी ठेवून एका बाजूला लोळवतात, म्हणजे पीळ उलगडतो. गावकऱ्यांच्या मदतीने ते केलं. पुन्हा केलं. सुटेना. आता पोट उघडूनच वासरू काढायला हवं होतं. बाईंनी आपले दोन्ही हात समोर धरले आणि पाहिले. बोटं थरथरत होती. निवृत्तीच्या आधीपासून त्यांच्या हाताला कंप होता. म्हणून त्यांनी सुरी कधीच खाली ठेवली होती. त्यांना सर्वांत जास्त लागलेली गोष्ट हीच असावी, कारण तिच्याबद्दल त्या एक अक्षर बोलत नसत.

वर दवाखान्यात त्यांच्याच हाताखाली शिकलेला एक सर्जन होता. त्याला फोन लावला. तो दुसऱ्या जनावराच्या ऑपरेशनमध्ये अडकलेला, खाली येणं शक्य नव्हतं. "बाई, तुम्ही घेऊन या, मी टेबल तयार ठेवतो. पण उशीर करू नका."

"या उन्हात?" गावातला कुणीतरी म्हणाला. "सांज होऊ द्या ना."

"सांज होईस्तोवर वासरू मरन," बाई म्हणाल्या. "फळी खाली कर, पोरी."

म्हैस चढली, कण्हत चढली. गोदाकाकू तिच्याजवळ ट्रेलरमध्येच बसणार म्हणून हटून बसल्या. बाईंनी त्यांना दामटून गाडीत मागच्या सीटवर बसवलं, पाण्याचा कॅन मांडीशी दिला आणि मागच्या काचेतून म्हशीवर नजर ठेवायला सांगितलं. आम्ही निघालो. बाहेर असं ऊन, की डांबर चकाकत होतं. एसी बंद, काचा खाली, गिअर खालच्यावर अडकवलेला. "काटा?" "अलीकडे आहे." "काटा?" "अलीकडेच आहे बाई!" घाट सुरू झाला, गाडी चढू लागली, आणि मी मनात म्हणत होते, चढ गं, चढ.

आणि निम्म्या घाटात गाड्यांची रांग!

वळणावर एक ट्रक बंद पडला होता. वरून येणारे, खालून जाणारे, सगळे एकाच फटीत घुसलेले. आम्ही हातभर सरकायचो, थांबायचो. आणि मला एकदम उमगलं की गाडी पळत नसेल तर त्या जाळीला हवाच लागत नाही! काटा चढू लागला. "बाई, वर चाललाय!" त्यांनी ताबडतोब गाडी न्यूट्रलला टाकून ब्रेक लावला आणि इंजिन जरा जोरात फिरवत ठेवलं, पंखा फिरावा, तेल जाळीतून वाहावं म्हणून. काटा थबकला. खाली मात्र येईना.

मागून म्हशीचा आवाज आला. तसा आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. गोदाकाकू रडू लागल्या.

"गोदे, रडू नोको. पाणी किती हाय?"

"अर्ध्याहून जास्त हाय बाई."

"अर्धं म्हशीच्या पाठीवर, अर्धं गाडीच्या तोंडावर. जाय!"

गोदाकाकू उतरल्या. तापलेल्या रस्त्यावर धावत जाऊन त्यांनी म्हशीवर पाणी ओतलं, मग पुढे येऊन लोखंडी तोंडातून आत जाळीवर. फस्सकन वाफ उठली! मी काट्याकडे बघत होते. हलला. हो, हलला! खाली!

तोवर बाईंनी हँडब्रेक ओढून दार उघडलं होतं. "तू बस इथं," मला म्हणाल्या.

"मी?"

"तुले याच गाडीवर शिकवली ना? बस. मी वाट काढते."

आणि त्या निघाल्या. लंगडत, हातात गोठ्यातली काठी, डोक्यावर पदर, रांगेच्या मधोमध! "हाऽऽ हुर्र! ए बे, माघं घे! जीव हाय गाडीत, जीव! तू रे, डाव्या अंगाले दाब! सरक माय, सरक!" एक बाई अख्खा घाट गुरांसारखा हाकत होती. कुणी शिट्टी मारली, कुणी शिवी दिली, पण सरकले. दुचाकीवाली पोरं उतरून ट्रकला ढकलायला लागली. एक जीपवाला मागे गेला, त्याच्यामागे दुसरा. फट झाली. बाईंनी काठी वर केली. मी गिअर टाकून ब्रेक सोडला. हात घामाने निसटत होते, मागे नुसती म्हैस नव्हती, दोन जीव होते, आणि बाजूला दरी. गाडी थरथरली नाही, घसरली नाही. शांतपणे ओढत निघाली. ट्रकच्या आरशापासून चार बोटं राखून मी ती नेली! पलीकडे पोहोचल्यावर बाई दार उघडून धापा टाकत बसल्या आणि म्हणाल्या, "थांबू नोको. तूच चालव." उरलेला घाट मी चढवला. हवा लागली तसा काटा उतरत गेला. त्या दिवशी मी जितकी जिवंत होते तितकी नंतर क्वचितच झाले असेन.

सर्जन दारातच उभा होता. म्हशीला बधिर केलं, कूस उघडली. मला वाटलं होतं, मी बघू शकणार नाही. पण मी डोळे मिटलेच नाहीत. वासराचे पाय सापडले, पण ते बाहेर येईना. दोन हात पुरत नव्हते. त्याने मान न वळवता हाक मारली, "बाई, या."

बाई जागेवरच. "माहे हात कापतात, माहीत हाय ना तुले?"

"कापायचं काम माझं झालं बाई. आता ओढायचंय. ओढायला तुमच्यासारखे हात इथे कुणाचे आहेत?"

त्यांनी हात धुतले. कोपरापर्यंत आत घातले. डोळे मिटले. ओठ हलायला लागले. आणि मग दोघांनी मिळून एक काळं, ओलं, लुळं पिल्लू बाहेर घेतलं. हलत नव्हतं. बाईंनी त्याच्या नाकातोंडातला चिकटा बोटांनी काढला, मागचे पाय धरून उलटं केलं, खाली ठेवून गोणपाटाने चोळलं, नाकात गवताची काडी घातली. काही नाही. पुन्हा काडी. पुन्हा चोळलं. "घे ना माय, घे ना," त्या पुटपुटत होत्या. आणि ते शिंकलं!

"वगार हाय!" बाई ओरडल्या. वगार म्हणजे मादी पिल्लू, उद्याची दुभती म्हैस. "गोदे, वगार झाली तुले!" गोदाकाकू तिथेच फरशीवर बसल्या आणि हुंदके देत हसल्या. बाईंचे हात गुडघ्यांवर होते, अजून थरथरत. पण त्या आता त्यांच्याकडे बघत नव्हत्या.

टाके बरे दिसले, म्हैस खाऊ लागली, तसं दवाखान्याने तिला सोडलं. आम्हीच ती परत पोहोचवली. मीच गाडी चालवली. घाट उतरताना बाई सबंध रस्ता बोलत होत्या, आणि वगारीबद्दल नाही, जाळीबद्दल! पाणी मारल्यावर काटा किती झटकन पडला, पुढे एक छोटा पंखा बसवला तर गर्दीतही हवा लागेल, रफिकभाईंना कसं पटवायचं. गावात शिरलो तर वेशीवर माणसं. म्हशीला बघायला अख्खा गाव लोटला होता. फळी खाली झाली, म्हैस आपल्या पायाने उतरली, मागोमाग ती वगार, अडखळत. एकच कल्ला झाला.

बाईंनी तिकडे बघितलंच नाही. त्यांनी बोनेट उघडलं.

"या, इकडं या सारे! ज्यानं काम केलं ते पाहा! हे जाळी पाहा!"

कुणी आलं नाही. पोरंसोरं, म्हातारे, सगळे वगारीभोवती. बाई बोनेट धरून ताटकळत उभ्या. माझ्याकडे वळून चिडून म्हणाल्या, "लोकाले काई समजत नाई."

तेवढ्यात गोदाकाकू ताट घेऊन आल्या. म्हशीला ओवाळलं, वगारीच्या कपाळाला कुंकू टेकवलं. मग बाईंसमोर आल्या. "बाई, तुमाले हे चालत नाई, मले ठाव हाय," म्हणाल्या आणि नुसता हात जोडून नमस्कार केला. मग उघड्या बोनेटकडे पाहिलं. "कुठं हाय वो तुमचं ते कूलर?"

बाईंनी बोटाने दाखवलं. गोदाकाकू वाकल्या. बराच वेळ त्या चपट्या जाळीकडे बघत राहिल्या. मग चिमूटभर कुंकू उचललं आणि हात आत घातला.

"ए! ए बाई!" बाई केवढ्याने किंचाळल्या! "जाळीत नोको भरू! हवा अडते!"

गोदाकाकूंचा हात हवेतच थांबला. डोळ्यांत पाणी तरारलं. बाईंनी कधी देव्हारा मांडला नव्हता, कधी कुणाला गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवू दिलं नव्हतं. त्यांनी गोदाकाकूंचं मनगट हळूच धरलं, थोडं खाली सरकवलं आणि लोखंडी कंसावर टेकवलं.

"इथं लाव," म्हणाल्या. "इथं नाई अडत."